धुलाईखात्यातली दोन फटींची पेटी

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, तळ फुटलेली, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

एका रुग्णालयाच्या धुलाईखात्यात मी पंचवीस वर्षं दाराशेजारी टांगलेली होते. माझ्यात दोन कप्पे, प्रत्येकाला एक फट. दर सहा महिन्यांनी खात्याच्या मोठ्या बाई सगळ्यांना कागद वाटत. स्वतः किती चुकलो ते नाव आणि विभाग घालून लिहायचं आणि डावीकडे टाकायचं. सोबती किती चुकले ते आपलं नाव न घालता उजवीकडे. उशीर, कामचुकारपणा, खात्यातली वस्तू घरी नेणं. शून्य ते पाच गुण; चूक जितकी जास्त, तितके गुण जास्त. डावीकडून साधुसंत येत, उजवीकडून भामटे. माणसं मात्र तीच बारा! मला हसू आवरत नसे.

एकदा मुकादमाने सगळीकडे शून्य भरलेला आपला कागद नमुना म्हणून भिंतीवर चिकटवला. "असंच भरा, उगाच डोकं चालवू नका." सगळ्यांनी तो जसाच्या तसा उतरवला. फक्त इस्त्रीवाल्या मावशींनी स्वतःचं लिहिलं : उशीर तीन, साबण घरी नेला एक.

बाईंनी डावा कप्पा उघडला आणि मुकादमाला आयतंच कोलीत मिळालं.

"लेखी कबुली आहे, बाई. आजच काढा हिला."

"साबणाचा तुकडा होता," मावशी म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत, मी सांगितलं."

त्यांची सतरा वर्षांची नोकरी त्या एका आकड्यावर लटकली होती. माझा संताप संताप झाला. खरं बोलणारी चोर, आणि नक्कल करणारे धुतल्या तांदळासारखे?

"उजवीकडचं राहू द्या, लोक आकसाने लिहितात," असं म्हणत मुकादमाने मला उचललं आणि काखेत मारून दाराकडे निघाला. मी तळ सोडला. गंजला होता, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे!

उजव्या कप्प्यातले कागद ओल्या फरशीवर पसरले. बाई ते वाचू लागल्या. मावशींबद्दल लोकांनी लिहिलं होतं : उशीर तीन, साबण एक. त्यांनी स्वतः लिहिलं होतं तेच. मुकादमाबद्दल : चादरींचे गठ्ठे बाहेर जातात, पाच, पाच, पाच.

बाईंनी डावीकडचे कागद पुन्हा घेतले. मुकादमाने नमुन्यात आपला विभाग 'कार्यालय' लिहिला होता, आणि मावशी सोडून सगळ्यांनी तोही उतरवला होता.

"काय रे, तुम्ही सगळे कार्यालयात कधीपासून बसायला लागलात?" बाईंनी विचारलं.

मावशींना समज मिळाली, नोकरी राहिली. मुकादमाची चौकशी लागली. आणि मी जिन्याखाली, फुटक्या बादल्यांच्या शेजारी येऊन पडले.

मित्रांनो, मला रंग नको, कौतुक नको. नवा तळ लावा आणि परत टांगा, माझी अजून कामाची तयारी आहे. पण त्याआधी, आपली चूक आपल्या हाताने लिहिणाऱ्या माणसाला सांभाळा. पंचवीस वर्षांत माझ्या डाव्या कप्प्यात तसा एकच कागद पडला.