सही जुळत नाही

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना व्रजलाल रणपरांनी उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि ते लेकीला म्हणाले, "चल सरयू, गाठिया खाऊ. पुढली तारीख मिळाली म्हणजे आजचा दिवस आपला."

राजकोटच्या सोनीबाजारात त्या हाताला नाव होतं. दागिन्याच्या साच्यावर, पोलादात उलटा मोर कोरावा तर व्रजलालनीच, असं पेढीवाले म्हणत. दोन वर्षं झाली, तो हात रिकामा असला की थरथरे. हत्यार धरलं की थांबे, पण अक्षर मात्र आक्रसत चाललं होतं. बँकेत दिलेली जुनी सही ऐटदार, शेपटी फिरवलेली, आताची मुंगीएवढी. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं त्या दिवशी बाहेर येऊन ते म्हणाले होते, "हा शब्द पुन्हा कानावर नको. तुझ्याही तोंडून नको." सरयूनं मान हलवली. बाजारात कळलं असतं तर एकही काम दारात आलं नसतं.

त्या सहीनंच घात केला. नगीनदास पाटडियांकडून घेतलेल्या सोन्यापोटी दिलेला चेक परत आला. खात्यात पैसे होते. बँकेचा शेरा होता, सही जुळत नाही. नगीनदासांनी विचारलंसुद्धा नाही, थेट वकिलाची नोटीस धाडली: पंधरा दिवसांत पैसे द्या, नाहीतर फौजदारी, दोन वर्षांपर्यंत कैद. व्रजलालनी दुपारभर रद्दी कागदांवर सही गिरवली आणि मुदतीत दुसरा चेक दिला. तोही परत आला. मग बाजाराची खात्रीच पटली. मुद्दाम वाकडी सही करून चार महिने ढकलायची युक्ती तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

बँकेत जाऊन नवी सही नोंदवू, असं सरयूनं म्हणून पाहिलं. "तिथला कॅशियर आपल्या गल्लीतला. संध्याकाळपर्यंत दवंडी पिटेल." "मग मी माझ्या खात्यातून देते." "लेकीचे पैसे? लग्न झाल्यापासून तुझ्या घरचं पाणी तरी प्यालो का कधी?" ती कॉलेजात साहित्य शिकवत असे. माणसं मानापायी कशी बुडतात ते वर्गात समजावून सांगणं तिला फार सोपं जाई.

गाठियाच्या गाडीवर नगीनदास आधीच येऊन उभे होते.

"या व्रजलाल! आज कोर्टात हजेरीची सही केलीस ना? जुळली का?"

भोवतालचे हसले.

"पोलादावर मोराचे डोळे कोरतोस, आणि कागदावर बापानं ठेवलेलं नाव येत नाही?"

"तेव्हा नाव मोठं होतं रे," व्रजलाल डाव्या हातानं मिरची उचलत म्हणाले. "आता बारीक झालंय."

"ऐका! मस्ती बघा म्हाताऱ्याची."

बापूजींचा खिसा आतून हलत होता, पाखरू कोंबल्यासारखा. सरयू सरकून खिसा आणि नगीनदास यांच्या मध्ये उभी राहिली, पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, पुन्हा पहिल्यावर.

"घरी चला, बापूजी."

"खाऊ तर दे. गाठियावर कच्च्या पपईचा संभारा माग अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी आली तेव्हा ते कामाच्या पाटाशी बसल्या बसल्याच गेले होते. उजवा हात मांडीवर होता. ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, मग शेजाऱ्यांना हाक मारली.

दुखवट्याच्या बैठकीत पाणी फिरवताना तिच्या कानावर दोन वाक्यं आली. "शेवटपर्यंत हात काय होता!" आणि त्याच ओळीतून, जरा हळू, "सुटला म्हातारा. मेल्यावर कसली केस?" नगीनदास आले नाहीत.

"खरंच सुटले का?" तिनं वसावडाबेनना विचारलं. त्या बापूजींच्या वकील.

"आरोपी वारला की खटला तिथेच संपतो. दोषी नाही, निर्दोषही नाही."

"निर्दोष म्हणवून घेता येणार नाही?"

"गेलेल्या माणसाला कायदा निकाल देत नाही, बेन. पैशांसाठी मात्र ते दिवाणी दावा लावू शकतात, वारस म्हणून तुमच्यावर. बापूजींनी मला डॉक्टरांचा कागद लावू दिला असता तर हे केव्हाच मिटलं असतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वकीलपत्रावर सही माझ्यासमोरच केली ना त्यांनी."

सरयूनं वारस म्हणून बापूजींच्याच खात्यातून पूर्ण रकमेचा ड्राफ्ट काढला. तारखेच्या दिवशी ती सकाळपासून कोर्टाच्या बोळातल्या बाकावर बसत होती, उठत होती, दाराशी जाऊन यादी वाचत होती, पुन्हा बसत होती. शिपायानं पुकारा केला, "आरोपी व्रजलाल रणपरा हाजिर?" दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदाही केला. कुणीतरी हो म्हणेल, असं तिला उगाच वाटून गेलं.

वसावडाबेननी मृत्यूचा दाखला पुढे केला, ड्राफ्ट नगीनदासांच्या हाती दिला. मॅजिस्ट्रेट खाली मान घालून लिहू लागले. नगीनदासांनी ड्राफ्ट उलटसुलट पाहिला आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"साहेब, एक बोलू? हा त्याच्याच खात्यातून निघालाय. म्हणजे पैसे होते! मग दोन दोनदा खोटी सही? मुद्दामच ना? पैसे मिळाले माझे. पण तीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस मला फसवून गेला, हे लिहून घ्या."

"असलं काही लिहिता येत नाही, काका. बसा."

मागच्या बाकांवर सोनीबाजारातले चारपाच जण होते. त्यांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या.

नगीनदास बसले नाहीत. त्यांची हनुवटी हलत होती. हा माणूस नुसता चिडलेला नाही, हे सरयूच्या आता लक्षात आलं. ती बोलली तर बापूजींचा हात जाणार होता. उद्या त्यांचे साचे हातात घेऊन लोक चुका शोधणार होते. गप्प राहिली तर नाव जाणार होतं. आणि बापूजींनी तर निवड करून ठेवली होती, तिनं त्यावर मानही हलवली होती.

"चला," वसावडाबेन कुजबुजल्या. "संपलं."

सरयू उठली, दाराकडे दोन पावलं गेली, आणि वळली.

"नगीनकाका," ती म्हणाली. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. मॅजिस्ट्रेटांनी पेन थांबवलं.

"सही खरी होती, काका. दोन्ही वेळा. माझ्या वडिलांना कंपवात होता."