पिवळ्या फुलांचा चहा

"चालती हो! आन् त्ये चीज बी घिऊन जा!"

विदोसावानं शेजारणीला अंगणातच अडवलं. येल्का मेंढीच्या कच्च्या दुधाचं चीज आणि धुरावर वाळवलेलं डुकराचं मटण फडक्यात बांधून आली होती.

"आगं, पोरगी वाळून चालली. जरा चवीचं जाऊ दे की पोटात!"

"तिच्या पोटात माझं मूत्रपिंड हाय. त्याला काय सोसतं त्ये मला ठावं!"

सर्बियातल्या कोलुबारा नदीकाठच्या त्या गावात पिढ्यान्‌पिढ्यांच्या रोगानं मूत्रपिंडं सुकून घरंच्या घरं रिकामी झालेली. विदोसावाचा दादला तसाच गेला. पोरगी दुशांका त्याच वाटेला लागली, तेव्हा आईनं आपलं एक काढून दिलं. तेव्हापासून मिठाचा डबा गोठ्यात गेला. भाकरी अळणी, सूप अळणी. मटण रटरटून शिजल्याबिगर ताटात नाही. पोरगी तेच जेवायची, दवाखान्याच्या गोळ्या वेळेवर घ्यायची.

पण हिवाळ्यात तिचं ठरलेलं लगीन मोडलं. नवऱ्याकडच्यांना दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर जगणारी सून नको होती. दुशांका खिडकीशी बसून चिखलातल्या आलुबुखाऱ्याच्या झाडांकडं बघत राही. झोप नाही, बोलणं नाही.

विदोसावा माळ्यावर चढली. उन्हाळ्यात डोंगरावरनं खुडून आणलेली कांतारियोनची पिवळी फुलं तिथं वाळत टांगलेली. मन खचलं की तिची आई हाच चहा पाजायची.

"पी बाई. काळजाला उभारी यील."

"डाक्टरांस्नी इचारलंस का गं, माये?"

"चहाला काय इचारायचं? औषिद हाय व्हय त्ये?"

दुशांका रोज पीत गेली. हसू लागली. विदोसावानं चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली.

बर्फ वितळता वितळता पोरीचे पाय सुजले. बेलग्रेडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं. मीठ? नाही. कच्चं चीज? शपथ, नाही. गोळ्या? एक चुकली नाही.

"पाला, मुळी, काढा?"

"फुलांचा चहा तेवढा. कांतारियोनचा."

बाईंनी डोळे मिटले. मग सावकाश म्हणाल्या, "त्या फुलानं आमच्या गोळ्यांचा जोर उतरतो, मावशी. मग शरीर परक्या मूत्रपिंडावर उलटतं."

"परकं?" विदोसावा ताडकन उठली. "माझं हाय त्ये!"

मूत्रपिंड गेलं. दुशांका रक्त धुवायच्या यंत्रावर आली.

घरी आल्यावर विदोसावानं चुलीला हात लावला नाही. शेजारपाजारचं अन्न यायचं, पोरीला चालायचं नाही, तसंच राहायचं. एका सकाळी दुशांकानं बटाटे सोलले, बारीक चिरले, पाण्यात भिजत घातले. सुजल्या पायांनी उभं राहून ती धापा टाकत होती.

"माये, यंत्रावरच्यास्नी बटाट्यातला खार सोसत न्हाई. हे पानी वतून दुसऱ्या पान्यात उकडायचं आसतं. ऊठ."

"माझ्या हातचं खाऊ नगंस गं! म्याच मारलं..."

"मला ठावं हाय."

विदोसावानं मान वर केली. एवढे दिवस तिला वाटत होतं, पोरगी म्हणेल, तुझी काय चूक? पोरगी तसं म्हणाली नाही. तिनं फक्त पातेलं पुढं सरकवलं.

"मला भूक लागलीया, माये."

विदोसावानं पाणी ओतलं. बटाटे उकडले, कुस्करले, ताटलीत वाढले. दुशांका पहिल्या घासालाच थांबली. आई पुढं झाली.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. गरम हाय."

फुंकर घालून ती जेवू लागली. विदोसावा दाराशी उभी राहून प्रत्येक घास तिच्या गळ्याखाली उतरताना बघत राहिली.