भाभीचं लागत नाही

आमच्या आईला आम्ही भाभी म्हणायचो. काका-आत्या म्हणत, म्हणून आम्ही पोरीही. बुऱ्हाणपुरात अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. कुठे आईची वहिनी होते, कुठे काकू. आई म्हटल्यावाचून बाईचं काही अडत नाही. आमची भाभी छातीच्या कॅन्सरनं चाळिशीच्या आत गेली, तेव्हाही आम्ही भाभी म्हणूनच रडलो.

धाकटी तृप्ती बहादरपूरला दिलेली. दोनेक वर्षांपूर्वी सिंधीपुऱ्यात बायकांचं शिबिर होतं, तिथे ती गेली. प्रत्येकीला कॅन्सरचा धोका किती, ते वेगवेगळं काढून देणार होते. वय, पाळी, बाळंतपणं, घरात कुणाला झाला होता का, असं सगळं विचारायचं, टॅबलेटमध्ये भरायचं, की तो सांगणार कुणाची तपासणी लवकर आणि कुणाची उशिरा. विचारणारी मुलगी कोवळी होती, बाहेरगावची. मागे बायकांची ही रांग.

"घर में किसी को ब्रेस्ट कैंसर?"

"हाँ, भाभी को."

"भाभीवाला नहीं गिनते, दीदी. वो आपको नहीं लगेगा. आगे?"

तृप्तीला वाटलं, डॉक्टरीत काही नवीन निघालं असेल. त्याच दुपारी तिनं मला नेपानगरला फोन केला. "ताई, भाभीचं आपल्याले लागत नाही म्हणे! माझा धोका कमी निघाला. पन्नाशीनंतर या म्हणाली."

अंघोळीच्या वेळी हात छातीशी आला की आम्ही दोघी जन्मभर श्वास धरत आलो. त्या दिवशी मी शिरा केला.

मग गाठ आली. तृप्ती म्हणाली, केळीचे घड उचलून सुजलं असेल. तिचा नवरा नीलेश दवाखान्यात चल म्हणायचा, तर त्याला उत्तर तयार, "मशीनपेक्षा तुम्हाले जास्त समजते का?" पाठ धरली, उठवेना, तेव्हा आम्ही तिला इंदूरला नेलं. तोवर गाठीचं बी मणक्यात आणि लिव्हरमध्ये पोचलं होतं.

डॉक्टरनं विचारलं, "घर में पहले किसी को?"

"भाभी को," तृप्ती पडल्या पडल्या बोलली.

"भाभी छोड़िए. माँ को था?"

दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिलो. मग मीच म्हटलं, "साहब, भाभी ही हमारी माँ है. सगी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. आई इतक्या तरुणपणी गेलेली असेल तर तिशीपासून दर वर्षी तपासायला हवं होतं, म्हणाले. गाठ बारीक असतानाच सापडली असती का, हे मी विचारलं. "शायद." आता बरं होणं नाही, दुखणं कमी ठेवू. मला आणि तृप्तीच्या मुलीला, हिमानीला, तपासून घ्यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर तृप्ती हसली. "एकदा तरी आई म्हणून हाक मारायला पाह्यजे होती वं आपण." मग म्हणाली, "शिबिरातल्या त्या पोरीले सांगून ये. अजून कितीक घरी भाभीच असेल."

मी गेले. शिबिर केव्हाच उठलेलं. शिबिर भरवणाऱ्यांच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "कौनसी लड़की? ठेके पर थीं, गईं सब. शिकायत है क्या?"

"शिकायत नहीं. एक बात बतानी थी."

त्याला कळेना मला कुठल्या खिडकीवर पाठवावं. शेवटी तो चहा प्यायला उठून गेला.

बहादरपूरला पोचले तेव्हा तृप्ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"भेटली?"

"भेटली. लक्षात ठेवीन म्हणाली. आता आईचं वेगळं विचारते."

"रडली तर नाही ना?"

"नाही."

"बरं झालं. लहान होती बिचारी." मग म्हणाली, "पाठ चेप ना, ताई."

हाडावर जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी नुसता हात ठेवून बसले.