बंद करू नये

न्हाणी बोलतेय म्हटल्यावर हसू येईल, येऊ द्या. माणसं जगापुढे नटतात आणि माझ्यापुढे सगळं उतरवून ठेवतात, त्यामुळे मी त्यांना जरा जास्तच ओळखते. मी एका नाटक कंपनीच्या गाडीतली न्हाणी आहे. एरवी आपणहून तोंड उघडलं नसतं. पण आज बोलायलाच हवं, कारण माझ्या हातात उद्या सकाळपर्यंतचाच वेळ आहे. पहिल्यापासून सांगते, तरच शेवट कळेल.

माझा जन्म नागपूरचा. एका हौशी माणसानं जुन्या मिनीबसचं फिरतं घर केलं आणि मागच्या कोपऱ्यात मला बसवलं. हातभर रुंदीचं दार, वीतभर उंच उंबरठा, डोक्यावर एक शॉवर. उभं राहून आंघोळ करणाऱ्या धडधाकट माणसाशिवाय जगात आणखी कोणी असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. दोन सहलींत त्याची हौस फिटली, आणि गाडी भंडाऱ्याच्या तेजरामभाऊंच्या नाटक कंपनीत आली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान कापून बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या झाल्या की नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. आज या गावात, उद्या त्या गावात. सकाळी नटमंडळी माझ्यात येऊन रंग धुवायची आणि ज्याला जास्त टाळ्या पडल्या त्याच्या नावानं बोटं मोडायची.

दीपमाला तेवढी गायची. ती कंपनीची नायिका होती. एका हंगामात तिची जीप वळणावर उलटली. बाकीचे खरचटून उठले, दीपमालाचे पाय मात्र उठले नाहीत.

वर्षभरानं ती व्हीलचेअरवर परत आली आणि रंगमंचासमोर ऑर्गनपाशी बसून गाऊ लागली. आवाज तोच. पण आंघोळीला माझा उंबरठा आडवा यायचा. मग गाडीमागे दोन लुगडी बांधायची, आणि स्वयंपाक करणाऱ्या रुखमाबाई तिला खुर्चीतच न्हाऊ घालायच्या. रुखमाबाईंचा हात मायेचा, यात वाद नाही. पण वारा आला की लुगडं उडायचं, जाणारा-येणारा थबकायचा आणि दीपमाला डोळे घट्ट मिटून घ्यायची. मी आत कोरडी बसून राहायची. मला माझ्याच उंबरठ्याची लाज वाटायची.

शेवटी तिनं थोरल्या भावाला गाठलं. संघपालचं भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेला लागून वेल्डिंगचं दुकान आहे. ती म्हणाली, "दादा, मले एकटीले आंघोळ करायची हाय. कडी आतून पायजे. बाकी काई नोको."

तो सबंध पावसाळा मी त्याच्या दुकानासमोर उभी होते. त्यानं आधी खुर्ची चढवायला पायऱ्यांवर टाकायची उतरती फळी केली आणि उंबरठा कापला. मग खुर्चीची रुंदी मोजून दार मोठं केलं, आणि दीपमाला पहिल्यांदा आत शिरली तेव्हा तिची बोटं दोन्हीकडून सोलली. गड्यानं खुर्ची मोजली होती, चाकं ढकलणारे हात मोजलेच नव्हते. स्वतःला दोन शिव्या हासडून त्यानं दार पुन्हा कापलं आणि सरकतं केलं. भिंतीला घडीची बैठक लावली. प्लायवूडचा भरवसा नको म्हणून तिचे बोल्ट थेट गाडीच्या लोखंडी सांगाड्यात घेतले. मग दुपट्ट्यानं आपलेच पाय बांधून तो खुर्चीवरून बैठकीवर आणि बैठकीवरून खुर्चीवर सरकत बसला. तीनदा आपटला. पडताना हात जिथे धरायला गेला, तिथे दांडा लावला. फरशीला मागच्या, पाणी जायच्या भोकाकडे उतार दिला आणि लांब नळीचा, हातात धरायचा शॉवर बसवला.

दाराची एक गोष्ट त्यानं बहिणीला सांगितली नाही. कडी आतून होती, पण बाहेरून दार खाली धरून वर उचललं की ते रुळावरून सुटत होतं. हे फक्त त्याला आणि मला माहीत होतं.

तेजरामभाऊंनी कौतुकानं गॅसचा गिझर आणला. तो मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. निळ्या जिभेनं जळायचा आणि जळताना माझी हवा खायचा. हवा कमी पडली की तो विष सोडतो, आणि त्या विषाला वास नसतो. संघपालला हे ठाऊक होतं. म्हणून त्यानं गिझरशेजारी खिडकी कापली, दाराखाली चार बोटं फट ठेवली आणि खिडकीखाली लाल रंगानं लिहिलं, 'बंद करू नये'.

पहिल्या दिवशी दीपमालानं आत येऊन कडी लावली. कितीतरी वेळ तिनं नळ सोडलाच नाही, नुसती बसून राहिली. कोणी बघत नव्हतं म्हणून रडली, आणि कोणी बघत नव्हतं म्हणून हसलीही. मग गायला लागली. माझ्या आयुष्यात इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

आता चूक सांगते. नवीन नाटक निघालं की गाडीला चारी बाजूंनी त्याचा फ्लेक्स ताणून बांधायचा आणि नारळ फोडायचा, ही कंपनीची रीत. त्या हंगामात नवी नायिका होती प्रतिक्षा. तिचा मोठ्ठा चेहरा नेमका माझ्या बाजूला आला, आणि डावा डोळा खिडकीवर. बाहेरून बांधणाऱ्याला आतली अक्षरं दिसणार कशी? आतून पाहिलं तर खिडकी उघडीच. झडपेला कोणी हात लावला नव्हता. लाल अक्षरांचा मान सगळ्यांनी राखला होता, फक्त हवा येत नव्हती. दीपमालाला उलट बरं वाटलं, कारण आता बाहेरून डोकावायची कोणाची टाप नव्हती.

त्यात बांधीत गाडी कधी सपाट उभी राहत नाही. उतार उलटा पडला की पाणी दाराखालून पायऱ्यांवर आणि पायऱ्यांवरून रुखमाबाईंच्या चुलीत. "पोरी, तुह्या आंघोळीनं माही चूल विझते," असं त्या रोज म्हणायच्या, आणि दीपमाला आतून रोज उत्तर द्यायची. मग एक दिवस रुखमाबाईंनी फटीत पोत्याचा बोळा कोंबला. चूल वाचेल आणि पोरीला थंडीचा वाराही लागणार नाही, असं त्यांच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवसापासून दीपमालाचं डोकं जड व्हायला लागलं. जागरण बाधलं, असं सगळे म्हणाले. गिझरची जीभ निळीची पिवळी झाली. मी भिंतीभर थेंब गाळत होते, पण न्हाणीच्या थेंबांना कोण विचारतं?

जानेवारीतली ती सकाळ. दीपमालानं केस धुवायला घेतले होते, त्यामुळे पाणी बराच वेळ चालू होतं. ती गात होती. एका ओळीच्या मध्यावर सूर खाली आला, मग शब्द सुटले, मग काहीच नाही. शॉवर हातातून निसटून फरशीवर वाहत राहिला. तिची मान दांड्यावर टेकली.

मला जे जमलं ते मी केलं. तिचेच केस मागच्या भोकात अडकले होते, ते मी सोडले नाहीत. पाणी तुंबलं, बोळ्यावरून चढलं आणि पायऱ्या उतरून चुलीत गेलं. रुखमाबाईंनी नेहमीचं वाक्य म्हटलं. उत्तर आलं नाही. पुन्हा म्हटलं. मग हातातली पळी टाकून त्या धावल्या.

तेजरामभाऊंनी दाराला लाथा घातल्या. दार संघपालनं बनवलेलं, ते काय तुटतंय! त्यांनी त्याला फोन लावला. त्यानं पहिलंच विचारलं, खिडकी उघडी हाय का? तेजरामभाऊ म्हणाले, उघडीच हाय, वर फ्लेक्स तेवढा हाय.

 मग तो एवढंच म्हणाला, "फ्लेक्स फाडा. अन् दार तोडत नोका बसू. खालून धरा, वर उचला."

प्रतिक्षानं आपल्याच चेहऱ्याचा फ्लेक्स नखांनी फाडला. हवा आत आली. तेजरामभाऊंनी आणि रुखमाबाईंनी दार उचलून बाजूला टाकलं, तेव्हा माझी कडी लावलेलीच होती.

दीपमाला वाचली. भंडाऱ्याला आठ दिवस दवाखान्यात होती. परत आल्यावर भावाला घेऊन माझ्यासमोर आली आणि दाराकडे पाहत म्हणाली, म्हणजे माही कडी खोटी होती. संघपालनं मान खाली घातली. दाराला हात लावून ती म्हणाली, राहू दे तसंच.

त्यानं गिझर काढला, छपरावर काळी टाकी बसवून उन्हाचं पाणी आणलं आणि माझ्या छतालाच खिडकी केली, जिथे फ्लेक्स पोहोचत नाही. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दीपमालानं तेजरामभाऊंचा आणि संघपालचा हात धरून सांगितलं, "मावशीले खरं सांगू नोका. तिनं माह्यासाठीच बोळा कोंबला. समजलं तर जेवण सुटन तिचं." मग या तिघांनी रुखमाबाईंना आणि बाकी मंडळींनाही सांगितलं की जागरणानं चक्कर आली. त्यांनी मीठ-मोहरीनं पोरीची दृष्ट काढली.  ज्या बाईला कळायला हवं होतं, तिलाच यांनी मायेपोटी आंधळं ठेवलं.

संघपालनं तो गिझर फोडून टाकायला सांगितलं होतं. तेजरामभाऊंच्यानं चांगली वस्तू फोडवेना. भला माणूस आहे हो तो, हाच घोळ आहे.

आज नवीन हंगामाची तयारी चाललीय. गाडी भंडाऱ्याला उभी आहे. मघाशी आत दीपमाला कडी लावून गात होती, आणि पायरीवर रुखमाबाई पिशवी घेऊन प्रतिक्षाशी बोलत होत्या. त्यांची लेक रीना नाकाडोंगरीला बाळंत झाली, मुलगी झाली. तोंडावरून आनंद नुसता ओसंडत होता. "तेजरामभाऊनं गाडीतला जुना गिझर देला, बसवूनही झाला. उद्या सकाळी लेकीचं न्हाणं. बाळंतिणीले वारा लागू नये म्हणून जावयानं खिडकी मातीनं लिंपून घेतली."

मी ऐकलं. दीपमालानं ऐकलं नाही, तिच्या कानावर पाणी पडत होतं.

मी भोक पुन्हा आवळून धरलं. पाणी दाराखालून निघालं, पायऱ्या उतरलं आणि रुखमाबाईंच्या पावलांना लागलं. त्यांनी पाय वर घेतले आणि हसल्या. म्हणाल्या, हिची खोड काई जात नाई. मग आत ओरडून निरोप घेतला. दीपमालानं आतून सांगितलं, रीनाची तब्येत विचारली म्हणा, आणि पुन्हा गाणं धरलं. रुखमाबाई तुमसरच्या एसटीत बसून गेल्या.

म्हणून तुम्हाला सांगतेय. नाकाडोंगरीच्या बाजूला कोणी जात असाल, तर रुखमाबाईंचं घर विचारा. त्यांना सगळं खरं सांगा. रडतील, रडू द्या. पण आधी ती खिडकीची माती उकरा. तिथे धूर दिसणार नाही, वास येणार नाही, कोणी ओरडणार नाही. दीपमालाचं गाणं थांबलं, त्यावरून मला तरी कळलं.

रीना न्हाताना गाते का, ते मला माहीत नाही.