कासवाची वायर

कासव गोल फिरत होतं. क्लबाच्या पोहायच्या टँकच्या उथळ टोकाला, घाण्याच्या बैलासारखं, त्याच त्या चार फुटांत. बाकी तळावर हिरवट थर धरलेला, आणि काठावर मॅनेजर हात मागे बांधून उभा. आठवड्यातली ही तिसरी वेळ होती.

कासव म्हणजे टँक साफ करणारं यंत्र. पोटात जाळी आणि पाणी ओढणारा पंखा, खाली दोन ब्रश, शेपटीला अठरा मीटरची निळी वायर. पाण्यात सोडलं की आपलं आपण तळ घासत फिरतं, भिंतीही चढतं. क्लबाने ते आणलं तेव्हा शिकवायला आलेला माणूस वीस मिनिटांत चहा पिऊन निघून गेला. पुढचं मी शिकलो. आठवी नापास माणूस, पण त्याची पुस्तिका चित्रांवर बोट ठेवून ठेवून चारदा वाचली. पंख्यात बायकांचे लांब केस गुंडाळले की ते कसं कण्हतं, जाळी तुंबली की भिंतीवरून का घसरतं, हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. अकरा वर्षं या टँकवर आहे मी. आधी लांब दांड्याच्या ब्रशने हाताने घासायचो.

साडूला इथे मीच चिकटवला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आठ महिने घरी बसून होता, त्यातले चार माझ्या घरी. जुन्या मॅनेजरच्या मी अक्षरशः पाया पडलो होतो. मग नवा मॅनेजर आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, यंत्र असताना टँकवर दोन माणसं कशाला? महिनाअखेर एकच ठेवणार, दुसरा कपडे बदलायच्या खोल्यांत टॉवेलांच्या घड्या घालील. साडू मला म्हणाला, साडूभाऊ, तुम्हीच राहणार, मी कोण लागून गेलो. मला बरं वाटलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

त्या सकाळी मी कासव बाहेर काढलं. जाळी साफ होती. पंख्यात केस नव्हते. ब्रश नवेच. मग वायरीवरून हात फिरवला आणि बोटं थांबली. वायरीत पीळ भरला होता. पीळ भरला की ती कासवाला एकाच अंगाला ओढते, ते बिचारं सरळ जाईल कसं?

पीळ कशाने भरतो ते मला माहीत होतं. दोरी गुंडाळतात तशी पंजा आणि कोपरावर वायर गुंडाळली की प्रत्येक वेढ्याला एक पीळ. म्हणून मी ती कधीच कोपरावर घेत नाही. जमिनीवर मोठे वेढे टाकतो, एक इकडून, एक तिकडून, म्हणजे एकाचा पीळ दुसरा काढतो. हे पुस्तिकेत नाही. दोन वायरी वाया घालवून मी शिकलोय, आणि आयुष्यात एकाच माणसाला शिकवलंय. त्याला तेव्हाच बजावलं होतं, कोपरावर घेतलीस तर कासव मेलं समज.

आणि हा पीळ उलटा होता. मी उजवा. उजव्या हाताने गुंडाळली तर पीळ एका बाजूला बसतो, डाव्याने दुसऱ्या. क्लबात डावखुरा एकच. जेवतो डाव्याने, विडी ओढतो डाव्याने, माझ्या घरात चार महिने माझ्या कोपराला कोपर लावून जेवला.

मी ओरडलो नाही. वायर फरसबंदीवर सरळ टाकली आणि दुपारभर उन्हात तापू दिली. ऊन लागलं की वायर मऊ पडते, पीळ आपोआप सुटतो. चार वाजता मॅनेजरला बोलावलं. साडूही आला. कासव पाण्यात सोडलं आणि ते सरळ गेलं, खोल टोकाला भिंत चढून वर आलं. मॅनेजरने विचारलं, मग सकाळी काय झालं होतं? मी सांगितलं. पीळ, कोपर, डावा हात, सगळं. साडूचं नाव त्याच्या तोंडावर घेतलं.

साडू शांत होता. म्हणाला, "साहेब, मला गुंडाळायला सांगा. बघा तरी मला येतं का."

आणि त्याने गुंडाळली. जमिनीवर मोठे वेढे, एक इकडून, एक तिकडून. माझ्यापेक्षा स्वच्छ. शेवटी टोक आत खोचलं, ते मी खोचतो तसंच. मी बघत राहिलो. आपलीच सही दुसऱ्याने आपल्यापुढे करावी, तसं.

मला वाटलं, आता मॅनेजरला कळेल. ज्याला इतकं नीट येतं त्याने चुकून कोपरावर घेतली नसणार, मुद्दाम घेतली असणार. उघड होतं. आंधळ्याला दिसावं इतकं.

मॅनेजर म्हणाला, "याला तर उत्तम येतं. उगाच माणसावर आळ घेऊ नका."

मग घड्याळ बघत म्हणाला की माझं आता वयही होत आलं, वाकणं-उचलणं जड जात असेल. टँकचं सामान असतं त्या शेडच्या कपाटाची किल्ली साडूकडे द्या. मी दिली. साडूने ती डाव्या हातात घेतली, आणि त्या वेळी तरी माझ्याकडे बघायला हवं होतं त्याने.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. माझी बायको गप्प बसत नाही, दूध उतू गेलं तरी तासभर बोलते. मी विचारलं, तुला माहीत होतं?

ती पदराला हात पुसत राहिली. "धाकटीने सांगितलं होतं. तिचा नुकता कुठे संसार उभा राहिलाय. तुमचं काय, तुम्हाला तिथे सगळे मानतात, तुम्हाला कोण काढतंय असं वाटलं मला."

कधीपासून? तर पंधरा दिवस. पंधरा दिवस मी रोज घरी येऊन तिच्यापुढे डोकं खाजवत बसत होतो, कासवाला काय झालंय म्हणून. आणि ती ताट वाढत होती.

आता मी टॉवेलांच्या घड्या घालतो. खिडकीतून टँक दिसतो. परवा कासव पाण्यावर तरंगत होतं, मेलेल्या माशासारखं. साडू काठावरून दांड्याने त्याला खाली ढोसत होता, ते परत वर. चार माणसं पोहायची थांबून बघत होती. मी घडी पुरी केली आणि पुढचा टॉवेल घेतला.

संध्याकाळी बायकोने ताट वाढलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, यंत्र बुडतच नसेल तर काय करायचं असतं म्हणे?

"कोण विचारतंय?"

तिने ताटात आमटी वाढली.

त्याच्या पोटात हवा अडकते. पाण्यात उलटं धरायचं, बुडबुडे थांबेपर्यंत, मग सोडायचं. पुस्तिकेच्या नवव्या पानावर चित्र आहे. पुस्तिका शेडच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, आणि किल्ली त्याच्याकडे आहे.

मी यातलं काहीच बोललो नाही. ताट पुढे ओढलं आणि जेवलो.