रत्नागिरीला न गेलेली मोटार

मी मोटार बोलतेय. हसू नका. चाकं नाहीत, इंजीन नाही, तरी मोटारच म्हणायचं मला. नाशकात भद्रकालीमागच्या एका बोळात, रहेमान मिस्त्रींच्या कारखान्याच्या अंगणात, मी विटांवर उभी आहे. पोटात भुशाची पोती आणि एक खुडूक कोंबडी. माझी हकीकत सांगायला दुसरं कुणी नाही, म्हणून मीच सांगते.

माझा सांगाडा विलायतेत घडला आणि बोटीनं मुंबईत उतरला. आठ वर्षं मी नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर उतारू वाहिले. माणसं म्हणजे अजब जात बाई! बाराच्या जागी बावीस बसायची, आणि चढावर मी दमले की शिव्या मलाच. शेवटी लाकूड कुजलं, पत्रा फाटला, आणि मालकानं मला मोडीत काढलं. तिथून मिस्त्रींनी मला उचललं.

मिस्त्री टांगे बांधणारे. त्यांच्या हातचा टांगा अख्ख्या नाशकात ओळखू यायचा. त्यांची बायको खातूनबी मूळची रत्नागिरीची. तेराव्या वर्षी लग्न होऊन आली, ती परत गेलीच नाही. माहेर म्हणावं असं तिथं कुणी उरलंही नव्हतं. मूलबाळ नाही, दोघंच एकमेकांना. चौतीस सालच्या उन्हाळ्यात तिला काचबिंदू असल्याचं कळलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली फार तर वर्षभर टिकेल. काय दाखवायचं ते दाखवून घ्या," म्हणाले.

मिस्त्रींनी तिला विचारलं, "खातून, काय बघायचंय तुला?"

"दर्या," ती म्हणाली. "आणखी काही नको."

रेल्वेनं मुंबई, तिथून बोट, की झालं. पण मिस्त्रींना ते कुठलं रुचायला! "जन्मभर लोकांच्या बायकापोरांसाठी गाड्या बांधल्या. माझ्या बायकोला काय परक्याच्या बाकावर कोंबून नेऊ?" असं म्हणून त्यांनी मला घरी आणलं. आणि तुम्हाला सांगते, मी फुलून गेले. मोडीतल्या बाईला कुणी एवढं मानानं आणतं का?

पाच महिने मिस्त्रींनी मला घडवलं. सागवानी भिंती, निजायला दोन बाकं, माठासाठी लोखंडी कडं, स्टोव्हची फळी, नमाजापुरती मोकळी जागा. मागच्या बाजूला अख्खी काच, आणि ती फुटू नये म्हणून बाहेरून लाकडी झडप. बेत असा, की रत्नागिरीला वाळूच्या कडेला मला मागं मागं घेऊन उभं करायचं आणि झडप उघडायची. खातूनबीनं अंथरुणावर बसल्या बसल्या दर्या बघायचा.

हाकायला देवराम. माझ्या जुन्या मालकाकडचा ड्रायव्हर, सिन्नरकडचा. मिस्त्रींना तो चाचा म्हणायचा. दोघांनी एका फळीवर खडूनं वाट लिहून काढली होती: संगमनेर, पुणे, सातारा, कऱ्हाड, आंबा घाट, रत्नागिरी. सहा मुक्काम. कुठं पाणी घ्यायचं, कुठं पेट्रोल, सगळं लिहिलेलं.

दिवाळीनंतर मी तयार झाले. टायर यायला महिना लागला, तोवर रमजान लागला. मिस्त्री म्हणाले, "निघू या, प्रवासात रोजा पुढं ढकलता येतो." पण देवराम ऐकेना.

"नाय चाचा. माझ्यापायी तुमचा रोजा मोडायला नको. ईद होऊ द्या, मग निघू."

ईद झाली, पण तोवर पौष लागला होता. देवरामाला पौषाचं सोयरसुतक नव्हतं, त्यानं चाव्या मागितल्या. आता मिस्त्री अडून बसले. "तुमच्यात पौषात नवं काम काढत नाहीत, मला ठाऊक आहे. उद्या घाटात काही झालं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

माघात देवरामाच्या बहिणीचं लग्न निघालं. फाल्गुनात शिमगा; रस्त्यात गावोगाव मोटारी अडवून चिखल फेकतात, तिथं चाचीला कशाला न्या? मग मोहरम लागला. मोहरमचे दहा दिवस सरले, तर देवरामाला मालकानं वणीच्या जत्रेला जुंपलं. तो सुटून आला, तर सफर महिना. त्याचे पहिले तेरा दिवस जड मानतात, आणि ते मिस्त्रींना नव्हे, देवरामानंच आठवलं! बोटांवर मोजून दाखवले त्यानं. मिस्त्री म्हणाले, "तू एवढं सांभाळतोस तर थांबू."

काय म्हणावं या दोघांना! आपापल्या घरचं कुणी मनावर घेत नव्हतं, दुसऱ्याच्या घरचं मात्र जिवापाड जपत होते. भांडले असते तर बरं झालं असतं. सहा दिवसांत पोचले असते.

मला एक गोष्ट दिसत होती, ती त्यांना दिसत नव्हती. शिमग्यापासून खातूनबी माझ्या पायऱ्या पायानं चाचपून चढू लागली. माठ भरताना पाणी वरून सांडायचं तरी ती ओततच राहायची. देवराम आला की तो खोकेपर्यंत ती बोलायची नाही. दोघे बाप्ये माझ्या पोटाखाली वंगणात हात घालून पडलेले. त्यांना कोण सांगणार? मी नुसती उभी. असली लाचारी वैऱ्यावरही येऊ नये.

सफरचा चौदावा दिवस उजाडला. मे महिना अर्धा उलटला होता. पहाटेच माठ भरला, भाकऱ्या बांधल्या, गाद्या घातल्या. खातूनबी नवं लुगडं नेसून मागच्या बाकावर काचेकडे तोंड करून बसली. देवरामानं हॅंडल मारलं. मी एका दमात सुरू झाले. मिस्त्री आत डोकावून म्हणाले, "बरं दिसतंय का गं तिथून?"

"हो तर! काच लख्ख पुसलीत. अख्खा बोळ दिसतोय," ती म्हणाली.

बाहेरची झडप लावलेली होती. उघडायची राहिली होती.

मिस्त्रींनी झडपेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग पुढं जाऊन म्हणाले, "देवराम, बंद कर."

"का चाचा?"

"बंद कर म्हणतो ना."

मी थांबले. त्या शांततेत खातूनबीला कळलं. ती हळूच म्हणाली, "शिमग्यापासून नाही दिसत मला काही."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही दोघं इतक्या हौसेनं करत होता. कुठल्या तोंडानं सांगू?"

मिस्त्री माझ्या पायरीवर बसले आणि कपाळ बडवून रडले. देवराम बोनेटला टेकून तसाच उभा होता. "आता हिला तिथं नेऊन काय दाखवू?" मिस्त्री एवढंच म्हणत राहिले. भाकऱ्या उतरवल्या, गाद्या उतरवल्या. खातूनबीला हाताला धरून घरात नेलं. तिला कुणी काही विचारलं नाही.

पुढं माझं इंजीन मालेगावच्या एका पिठाच्या गिरणीला गेलं आणि चाकं एका लॉरीला. देवराम नोकरी धरून इगतपुरीला गेला. मिस्त्री परत टांगे बांधतात. माझ्यासमोरून दिवसातून वीस वेळा जातात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

परवा दुपारी खातूनबी भिंत धरून अंगणात आली. पायऱ्या चढली, कोंबडीला बाजूला सारलं आणि मागच्या बाकावर बसली. मग आपल्याशीच बोलावं तसं म्हणाली, "डोळेच गेले होते ना माझे. पाय होते की. पाण्यात उभी राहिले असते."

दहा हातांवर मिस्त्री रंधा मारत होते. त्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. ती उठली आणि आली तशी भिंत धरून परत गेली.

तुम्ही कधी या बोळातून गेलात तर मिस्त्रींना एवढं सांगा. मुंबईहून रत्नागिरीला बोट अजून सुटते. खातूनबीला विचारा म्हणावं, आणि कुठला महिना आहे ते बघू नका म्हणावं. पण तुम्ही कुठले सांगताय! परक्याच्या घरातली गोष्ट, तुम्हालाही भीड पडेल.