सोवळ्याच्या रांजणातला काळा पट्टा

औंढ्याच्या देवळामागच्या गल्लीत गंगूताईंचा रांजण सोवळ्याचा होता. ओलेत्यानं त्या स्वतः तो भरत. सून सुधाला हात लावू देत नसत. आतून घासायचीही बंदी. घासला की रांजणाची भोकं बुजतात, पाणी गार होत नाही, असं सगळी गल्ली मानायची. दर अमावस्येला उपडा करून उन्हात वाळवायचा, एवढंच.

सुधाची लेक वेणू नुकतीच हाडमोड्या तापातून उठली होती. दवाखान्यातले कंपाउंडर म्हणाले होते, "घरातले डास हटवा. लेकराला पुन्हा असा ताप झेपायचा नाही."

एका दुपारी रांजणाची झाकणी सरकलेली दिसली म्हणून सुधा वाकली. पाण्याच्या कडेला, ओल्या मातीला डासाची मादी चिकटली होती आणि मागून एकेक दाणा टाकत होती. पांढरा, ओलसर, लिबलिबीत. सुधाची नजर हटेना. भांडी घासून परतली तेव्हा दाणे राखाडी झाले होते; दिवेलागणीला काळेकुळकुळीत. तिनं एक दाणा काडीनं खरवडून नखानं दाबला. कवच कट्‌कन फुटलं, आतलं पाणी बोटाला लागलं. रांजणाला आतून तसाच काळा पट्टा वेढून होता. इतके दिवस ती त्याला किट्ट समजत होती.

"आत्याबाई, आत डासांची अंडी आहेत. घासू द्या."

"काहून? परवा अमावस्या आहे. उन्हात वाळून मरतील."

अमावस्येला रांजण खणखणीत वाळला. पट्टा तसाच राहिला. पाणी भरलं, आणि दुसऱ्या सकाळी त्यात अळ्या वळवळत होत्या. गंगूताईंनी पाणी फडक्यातून गाळलं, फडकं वाटीवर पिळलं आणि वाटी वेणूपुढे धरली.

"गाळलं की झालं. पी, बाई."

फडक्यावर अळ्या अजून तडफडत होत्या. सुधानं वाटी अंगणात उलटली, रांजण कलंडवला आणि नेसत्या ओवळ्या लुगड्यानिशी काथ्या-राख घेऊन खांद्यापर्यंत हात आत घातला.

"काय करून राहिलीस, सुधे? बाटवलास रांजण. आता मी प्यावं काय?"

"विहिरीचं ताजं प्या."

"कोमट?"

"कोमट."

सुधाच्या कोपरापर्यंत काळी कवचं चिकटली होती. गंगूताईंनी पदर नाकाला लावला आणि कळशी उचलून विहिरीकडे गेल्या.

सुधानं हात राखेनं धुतले, मातीनं धुतले, पुन्हा राखेनं. तरी नखांखाली कचकचत होतं. ताजं पाणी आलं तेव्हा ती दारातच थांबली.

"आत्याबाई, वेणूला तुम्हीच पाजा. माझ्या हातानं नको."